वजनकाट्याची साक्ष



महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत आहाराविषयीचे दोन सल्ले एकाच वेळी मनापासून स्वीकारले आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोचवलेला सल्ला असा, की दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांच्या आत जेवा आणि मधल्या वेळात तोंडात काही टाकू नका. ऋजुता दिवेकर यांचा, 2009 सालच्या पुस्तकापासून घराघरांत गेलेला सल्ला असा, की दर दोन तासांनी थोडे थोडे खात राहा आणि तूप, भात, केळे यांना घाबरू नका. एकीकडे इन्सुलिन वारंवार स्रवू नये म्हणून मधले खाणे वर्ज्य. दुसरीकडे शरीराला टंचाईची धास्ती वाटून त्याने चरबी साठवू नये म्हणून मधले खाणे आवश्यक. दोन्ही गटांत वजन उतरलेली माणसे आहेत आणि ती खोटे बोलत नाहीत. पण एकाच परिणामासाठी परस्परविरुद्ध कारणे सांगितली जात असतील आणि दोन्हीकडे परिणाम दिसत असेल, तर खरे कारण तिसरीकडेच असण्याची शक्यता मोठी. ते तिसरे कारण शोधणे हे आज माझे पहिले काम. ते सापडले की त्याहून अडचणीचा प्रश्न समोर येतो: वजन उतरले म्हणजे प्रकृती सुधारली, हे आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवकथनांतून मिळणार नाही. ज्यांना यश आले ते व्यासपीठावर येतात. ज्यांनी तिसऱ्या महिन्यात सोडून दिले ते घरी बसतात. म्हणून माणसे चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या गटांत वाटावी लागतात आणि मध्येच गळालेल्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. बोस्टनमध्ये 160 जणांना चार गाजलेल्या योजनांत विभागले. 2005 साली निष्कर्ष आले तेव्हा वर्षभरानंतर चारही योजना जवळपास सारख्या ठरल्या. फरक पडला तो कोणाची योजना होती याने नव्हे, कोणी किती पाळली याने. 2009 साली 811 जणांवरच्या प्रयोगाचे निकाल आले. स्निग्धांश, प्रथिने आणि कर्बोदके यांची चार वेगवेगळी प्रमाणे दोन वर्षे तपासली होती. चारही गटांत सरासरी घट सुमारे 4 किलो, आणि पहिल्या वर्षानंतर वजन परत चढू लागलेले. 2018 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगात 609 जणांपैकी निम्म्यांनी स्निग्धांश कमी केले, निम्म्यांनी कर्बोदके. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे सरासरी 5.3 किलो उतरले, दुसऱ्याचे 6.0. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरकच नव्हे. याच प्रयोगात माणसाच्या जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या पातळीवरून त्याला कोणता आहार मानवेल हे आधी सांगता येते का, तेही पाहिले. नाही सांगता आले. आज ‘तुमच्या जनुकांनुसार आहार’ विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

जेवणाच्या वेळांचेही तेच. चीनमधल्या ग्वांगझू येथे 139 स्थूल व्यक्तींना वर्षभर सारखेच मोजून खायला सांगितले. निम्म्यांनी ते सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळातच खायचे. त्यांचे 8 किलो उतरले, इतरांचे 6.3, आणि हाही फरक योगायोगाच्या मर्यादेतला. दोन जेवणांच्या बाजूने एक चांगला पुरावा आहे, तो लपवून चालणार नाही. प्रागमध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 54 रुग्णांनी तेवढ्याच उष्मांकांचे अन्न आधी एका पद्धतीने आणि मग दुसऱ्या पद्धतीने, प्रत्येकी बारा आठवडे घेतले: दोन मोठ्या जेवणांत किंवा सहा छोट्या खाण्यांत. दोन जेवणांच्या काळात वजन 3.7 किलो उतरले, सहा खाण्यांच्या काळात 2.3. पण ती दोन जेवणे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण अशी होती. रात्री नऊनंतर भरल्या ताटावर बसणाऱ्या मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला या निकालाचा आधार घेता येणार नाही.

तेव्हा योजना काय खायला सांगते याकडे थोडा वेळ दुर्लक्ष करू आणि ती काय काढून घेते ते पाहू. दोन जेवणांच्या योजनेत मधल्या वेळेचा साखरेचा चहा जातो, त्याबरोबरची बिस्किटे, फरसाण आणि वाढदिवसाचा केक जातो, रात्री टीव्हीसमोरचा चिवडा जातो. दर दोन तासांनी खाणाऱ्याच्या हाती घरून आणलेला लाडू, फळ, शेंगदाणे किंवा ताक आलेले असते, म्हणून तोच चहा, तीच बिस्किटे आणि तेच फरसाण त्याच्याही दिवसातून जातात. दिवसाला चार कप चहा आणि कपामागे दोन चमचे साखर धरली तरी 30 ते 40 ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेली मर्यादा दिवसाला 20 ते 25 ग्रॅमची आहे. शिवाय दोन्ही योजना माणसाला स्वतःच्या खाण्याकडे लक्ष द्यायला लावतात, आणि दीक्षितांची तर 45 मिनिटे चालायलाही. हे झाले आपले तिसरे कारण. त्यात भर पडते पाण्याची. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम कमी केले, विशेषतः कर्बोदके, की हा साठा पहिल्या काही दिवसांत रिता होतो आणि किलो-दीड किलो वजन लघवीवाटे निघून जाते. ‘आठ दिवसांत दोन किलो’ या जाहिरातीत आकडा खरा असू शकतो. उतरलेली वस्तू मात्र बहुतांशी चरबी नसते.

मग वजन परत का चढते? आपल्याकडे याचे उत्तर ‘जिभेवर ताबा नाही’ असे ठरलेले आहे, आणि ते अन्यायाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. उद्देश वजन घटवण्याचा नव्हता, युद्धात उपाशी राहिलेल्या युरोपला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे शिकण्याचा होता. त्या तरुणांना दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी मिळत. आज आहारतक्त्यांत सर्रास छापलेला आकडा याच्या आसपासचा किंवा याहून कमीच असतो, तेव्हा तो वाचून थबकायला हवे. अर्थात ते तरुण आठवड्याला 22 मैल चालतही होते. त्यांचे वजन सुमारे पाव हिस्सा उतरले. त्याबरोबर ते चिडचिडे झाले, थंडीने कुडकुडू लागले, त्यांना स्वप्नेही अन्नाची पडू लागली, काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांनी जे खाल्ले त्याला मर्यादा राहिली नाही. अलीकडच्या संशोधनाने या वागण्यामागची यंत्रणा दाखवली आहे. 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत सुमारे 13 किलो उतरवलेल्या लोकांचे रक्त वर्षभराने पुन्हा तपासले, तेव्हा भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके अजून तशीच बदललेली आढळली. अमेरिकेत वजन घटवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 जणांचा सहा वर्षांनी मागोवा घेतला. सरासरी 58 किलो उतरवलेल्या या लोकांचे 41 किलो परत आले होते आणि विश्रांतीत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी वापरत होते. शरीर वजन घटण्याला दुष्काळ समजते आणि दुष्काळाशी लढते. ही लढाई इच्छाशक्तीच्या भरवशावर आयुष्यभर लढायला सांगणारी कोणतीही योजना मुळातच फसवी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. योजना राहू द्या. पण काही पदार्थ वजन कमी करतात आणि काही वाढवतात, हे तरी खरे ना? पोळी सोडून भाकरी, साखर सोडून गूळ, सकाळी कोमट पाण्यात मध. येथे आकड्यांना सामोरे जाणे भाग आहे. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी: या सर्वांत 100 ग्रॅम कोरड्या धान्यामागे 320 ते 360 च्या दरम्यान कॅलरी असतात. ज्वारी-बाजरीत पांढऱ्या तांदळापेक्षा तंतू पुष्कळ जास्त, बाजरीत लोह चांगले, नाचणीत कॅल्शियम भरपूर. म्हणून ती खावीत, अवश्य खावीत. पण पोळीऐवजी तेवढ्याच पिठाची भाकरी खाऊन पोटाचा घेर आपोआप कमी होईल, ही आशा व्यर्थ आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणातून आहाराविषयीचे विश्लेषण 2025 साली प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या आहारात सुमारे 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्यांचे पीठ आले म्हणून मधुमेहाची किंवा पोटाच्या स्थूलतेची शक्यता कमी झालेली दिसली नाही. मधुमेहाची शक्यता कमी दिसली ती थोड्या कर्बोदकांची जागा डाळी-कडधान्यांतल्या किंवा दुधातल्या प्रथिनांनी घेतली तेव्हा. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, हे खरेच. तरी भरडधान्यांच्या गजरात हा मुद्दा कानी पडत नाही. गुळाचे तर प्रकरण आणखी साधे आहे: त्यात किंचित खनिजे अधिक, कॅलरी जवळजवळ साखरेएवढ्याच. मधही साखरच, पाणी मिसळलेली. आणि उपासाच्या साबुदाण्यात स्टार्च सोडून सांगण्यासारखे काही नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी, असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी पोषणशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते, पण खिचडीवरचे तूप आणि शेंगदाण्याचे कूट त्यांनी नीट पाहिले होते.

उलट टोकाचा आक्षेप हिशेबी मंडळींचा असतो: म्हणजे शेवटी सगळे कॅलरींवरच येते, मग त्या मोजाव्यात आणि हवे ते खावे. हेही टिकत नाही. 2019 साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साध्या पदार्थांपासून शिजवलेले अन्न दिले. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण जुळते होते. पोटभर किंवा अर्धपोटी, हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पाकीटबंद अन्नाच्या काळात त्यांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत 0.9 किलो वजन वाढले. साध्या अन्नाच्या काळात तेवढेच उतरले. कॅलरी मोजता येतात, पण किती खाऊन थांबायचे हे अन्नाची घडण ठरवते. म्हणूनच ‘डाएट’ असे छापलेला चिवडा आणि ‘मल्टिग्रेन’ बिस्किटे यांना पथ्याचे अन्न म्हणणे चूक आहे. ‘हेल्थ ड्रिंक’ असा कोणताही वर्ग आपल्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात नाही, हे केंद्र सरकारला एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना लेखी कळवावे लागले. तोवर कित्येक मुलांनी अशा पेयांतली साखर दुधातून प्यायली होती.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांचे छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघेही सडपातळ. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, 22.3. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांत 21.2 टक्के. सारखा काटा, दुपटीहून अधिक चरबी. हा केवळ दोन व्यक्तींचा योगायोग नव्हता. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात तेथील नवजात बाळे सरासरी 2.7 किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. पुण्याच्या बाळांत स्नायू आणि अवयव बरेच लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. बारीक, पण चरबीवान: ही भारतीय शरीराची ठेवण जन्मापासूनची आहे. त्यामुळे 60 किलोंचा पुणेकर स्वतःला तंदुरुस्त समजत असतो आणि त्याच्या यकृतात व आतड्यांभोवती चरबी साठत असते. बीएमआयचे सूत्र 1832 च्या सुमारास बेल्जियमच्या केतले यांनी लोकसंख्येची सरासरी काढण्यासाठी बनवले. एका माणसाचे आरोग्य तपासण्यासाठी ते मुळात नव्हतेच. भारतीयांसाठी त्याची मर्यादा 25 वरून 23 वर आणली गेली, आणि पोटाचा घेर पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटिमीटरपर्यंत असावा असे ठरले. 2023 च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सर्वसाधारण स्थूलता 28.6 टक्के, पोटाची स्थूलता मात्र 39.5 टक्के आणि मधुमेही 10.1 कोटी. या दोन टक्केवारींतल्या फरकाएवढे तरी लोक काट्यावर सुटतात आणि टेपने पकडले जातात.

काट्याची साक्ष अपुरी आहे, याचा भक्कम पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांना तीन वर्षे पाहिले. काहीच बदल न केलेल्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह झाला. गोड आणि तळलेले कमी करून, तंतू वाढवून रोज अर्धा तास चालायला लावलेल्यांत हे प्रमाण 39.3 टक्के राहिले. या दुसऱ्या गटाचे वजन मात्र फारसे हललेच नाही. काट्यावर विश्वास ठेवला असता तर या लोकांनी सहा महिन्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून दिले असते. अमेरिकेतल्या तशाच कार्यक्रमाचे उदाहरण माझ्याविरुद्ध देता येईल. तेथे मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले आणि त्यात वजनघटीचा वाटा मोठा होता. तसेच ब्रिटनमधल्या एका प्रयोगात 15 किलो किंवा अधिक उतरवलेल्या मधुमेह्यांपैकी 86 टक्क्यांची साखर वर्षभरानंतर औषधांविना आटोक्यात होती. मी हे नाकारत नाही. ज्याचे वजन खूपच जास्त आहे, गुडघे बोलू लागले आहेत, झोपेत श्वास अडकतो, त्याने वजन कमी करायलाच हवे, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझे म्हणणे एवढेच, की वजन घटले म्हणजे आरोग्य आले आणि वजन घटले नाही म्हणजे प्रयत्न वाया गेला, ही दोन्ही विधाने आपल्याकडच्या असंख्य माणसांच्या बाबतीत खोटी आहेत. उपासमारीने उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, आणि जन्मतःच स्नायू कमी असलेल्या माणसाला ते परवडत नाही. 2025 पासून भारतात मिळू लागलेल्या, वजन उतरवणाऱ्या आठवडी इंजेक्शनांबाबतही हा धोका आहेच. त्यांतल्या सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरते. ते थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत येते.

शेवटचा आक्षेप सर्वांत लोभस आहे. आजीच्या स्वयंपाकघराकडे परत चला, म्हणजे सारे सुटेल. मला या आक्षेपाविषयी आदर आहे, पण आजीचे ताट खरोखर कसे होते हेही आठवावे: दोन भाकऱ्या, पातळ वरण किंवा पिठले, तोंडी लावायला ठेचा, दूध असलेच तर पुरुषांना आणि मुलांना. ते ताट शेतात दहा तास राबणाऱ्या देहासाठी धान्याने भरलेले होते. पुण्याच्या त्याच खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांच्या आहाराची नोंद झाली तेव्हा असे दिसले, की त्यांनी एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी संबंध लागत नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती खाल्ली याचा लागतो. धान्य होते, धान्याशेजारी जे हवे ते नव्हते. आज राष्ट्रीय पोषण संस्था 2,000 कॅलरींच्या ताटात दिवसाला साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि 300 मिलिलिटर दूध सुचवते. या यादीत परदेशी काही नाही, महागडी पावडर नाही, चिया नाही. मटकीची उसळ, दही, शेपू-चाकवत, पेरू यांनी ती भरते. पण भाजी मंडईतून घरी येईपर्यंत तिची किंमत काय होते, हे या सभागृहातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

म्हणून योजना विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच आहे: दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेल्या सर्वांपैकी आज किती टिकून आहेत, आणि त्यांचा घेर व तीन महिन्यांची सरासरी साखर काय आहे? हे आकडे नसतील तर पैसे देऊ नयेत. सरकारकडे करायची मागणी मात्र वेगळी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रातल्या सुमारे 7 कोटी लोकांपैकी बहुतेकांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, म्हणजे रोजचे 165 ग्रॅम, आणि त्याबरोबर डाळ नाही. राज्य सरकारच्या सणासुदीच्या ‘आनंदाचा शिधा’ संचात 2022 च्या दिवाळीला एक किलो चणाडाळ आली, ती रवा, साखर आणि पामतेलाबरोबर. तमिळनाडू 2007 पासून रेशनवर दर महिन्याला सवलतीच्या दरात तूरडाळ देत आले आहे. मराठवाडा आणि विदर्भ तूर पिकवतात. महाराष्ट्राच्या रेशन दुकानात ती बारा महिने मिळाली पाहिजे.